युरोपात शेती वर्षाला साधारण एक किलोमीटर वेगाने पसरली, हे कशावरून काढलं?

मुळात हिशोब शाळेतल्या आलेखाइतकाच सोपा आहे. पश्चिम आशियात शेती सुरू झाली तिथलं एक ठिकाण धरायचं, तिथून प्रत्येक उत्खननस्थळाचं अंतर मोजायचं आणि त्या स्थळावरच्या सर्वांत जुन्या शेतीची कार्बन-१४ तारीख (जिवंतपणी हवेतून आलेला किरणोत्सारी कार्बन अवशेषात किती उरलाय यावरून काढलेली) त्यापुढे मांडायची. ठिपक्यांमधून सरळ रेषा काढली की तिचा उतार म्हणजे वेग. पुरातत्त्वज्ञ अ‍ॅमरमन आणि जनुकशास्त्रज्ञ काव्हाली-स्फोर्झा यांनी १९७१ मध्ये हे केलं, तेव्हा वर्षाला सुमारे १ किमी आलं. २००५ मध्ये ७३५ स्थळं घेऊन पुन्हा मोजलं, तर ०.६ ते १.३ किमी.

खरी गोम तारखांमध्ये आहे. चुलीत सापडलेला लाकडाचा कोळसा शेकडो वर्षं जगलेल्या झाडाच्या गाभ्यातला असेल, तर तारीख चुलीपेक्षा जुनी निघते. म्हणून गव्हाचा किंवा सातूचा जळका दाणा मिळाला तर सोनंच, कारण तो एकाच हंगामाचा असतो. शिवाय हवेतलं कार्बन-१४ चं प्रमाण कायम सारखं नव्हतं. त्यामुळे झाडांच्या वर्षवलयांशी ताडून तारीख दुरुस्त करावी लागते, आणि हाती एक साल न येता कालखंड येतो.

आणि हो, १ किमी ही सरासरीच. भूमध्य समुद्राच्या किनाऱ्याने, बहुधा होड्यांतून, शेती झपाट्याने पश्चिमेला गेली. उलट मध्य युरोपातून उत्तरेकडे सरकताना ती हजारेक वर्षं अडखळली. ब्रिटनमध्ये पोचायला इ.स.पू. ४००० उजाडलं. मला तरी त्या रेषेपेक्षा तिच्यापासून लांब पडलेले ठिपकेच जास्त बोलके वाटतात.