वाचकांचे प्रश्न : स्मिथ मशीनवरचा स्क्वॉट की मोकळ्या बारचा?

प्रश्न : मी ३६ वर्षांचा असून परळमधील एका जिममध्ये वर्षभर स्मिथ मशीनवर (ज्यात बार उभ्या रुळांवरच वर-खाली सरकतो) स्क्वॉट, म्हणजे खांद्यांवर बार घेऊन बैठका, करत आहे. ८० किलोच्या प्लेट लावून मी ८ रेप्स (आवर्तने) व्यवस्थित करतो. अलीकडे रॅकमधला (बार ठेवायच्या चौकटीतला) मोकळा बार घेऊन पाहिला, तेव्हा ४० किलोच्या प्लेट लावूनही गुडघे थरथरू लागले आणि तोल पुढे जाऊ लागला. ट्रेनरच्या मते मशीन सुरक्षित आणि पुरेसे आहे. माझा एक मित्र मात्र मशीनवर कमावलेली ताकद खोटी असते, असे म्हणतो. मला ताकद वाढवायची आहे. मी काय करावे?
— एक वाचक, लालबाग

उत्तर : आपण कमावलेली ताकद खोटी नाही, हे मित्राला निःसंकोचपणे सांगावे. मात्र ८० आणि ४० या आकड्यांची थेट तुलना करता येत नाही. मोकळा ऑलिंपिक बार स्वतःच २० किलोचा असतो, म्हणजे त्या दिवशी आपल्या खांद्यांवर प्रत्यक्षात ६० किलो होते. उलट अनेक स्मिथ मशीनमध्ये बारचा भार हलका करण्यासाठी आत प्रतिवजने बसवलेली असतात, त्यामुळे तिथला बार किती किलोचा धरायचा हे मशीननुसार बदलते. शिवाय रुळांवरचे घर्षण खाली जाताना आपल्याला मदत करते आणि वर येताना विरोध करते. मुंबईच्या दमट हवेत रुळांचे तेलपाणी वेळेवर झाले नाही, तर हा फरक चांगलाच जाणवतो. म्हणून मशीनवरचा आकडा त्याच मशीनवरच्या जुन्या आकड्याशीच ताडून पाहावा.

खरा फरक तोलाचा आहे. मोकळा बार खांद्यांवर असताना बार आणि शरीर यांचा एकत्रित भार तळपायाच्या मध्यावर राखावा लागतो. तो बोटांकडे किंवा टाचेकडे सरकला, की मांडी, नितंब, पोटरी आणि पाठ यांना क्षणोक्षणी तो सावरावा लागतो. स्मिथ मशीनवर बार पुढे-मागे जाऊच शकत नाही, कारण ते काम रूळ करतात. त्यामुळे पाय बरेच पुढे ठेवून, बारवर पाठ रेलून खाली जाणेही तिथे शक्य होते. मोकळ्या बारने तसे केल्यास माणूस मागे कोसळेल. आपण वर्षभर पाय पुढे ठेवून सराव केला असल्यास, मोकळ्या बारखाली आपला तोल ढळणे अगदी स्वाभाविक आहे.

कॅनडातील सस्कॅचेवान विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९ मध्ये या दोन प्रकारांत स्नायूंची विद्युत हालचाल, म्हणजे ते किती कामाला लागतात याची खूण, मोजली. जेमतेम ८ वेळा उचलता येईल इतके वजन दोन्हीकडे घेतले होते. सगळे स्नायू मिळून ही हालचाल मोकळ्या बारच्या स्क्वॉटमध्ये सरासरी ४३ टक्के जास्त आढळली, आणि हा फरक मुख्यतः पोटरी, मांडीचा मागचा भाग आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूचा स्नायू यांत दिसला. मोकळ्या बारने पोट आणि कंबर जास्त कामाला लागतात, असे जिममध्ये सर्रास सांगितले जाते. या मोजणीत मात्र तिथे लक्षणीय फरक आढळला नाही. सहभागी अवघे ६ होते, म्हणून या आकड्यांवर फार मोठी इमारत उभारू नये. माझ्या दृष्टीने अधिक वजनदार पुरावा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणाचा आहे. त्यानुसार स्नायूंची वाढ मशीनने आणि मोकळ्या वजनांनी सारखीच होते. ताकद मात्र ज्या प्रकारे सराव केला, त्या प्रकारे चाचणी घेतल्यावर अधिक वाढलेली दिसते.

त्यामुळे मांड्या भरदार करणे एवढाच हेतू असता, तर ट्रेनरचे म्हणणे मी मान्य केले असते. आपल्याला ताकद हवी आहे, आणि कुठलेही जड ओझे आपण उचलतो तेव्हा त्याचा तोल सांभाळायला रूळ नसतात. म्हणून आपण मोकळा बार शिकावाच, असे माझे स्पष्ट मत आहे. सुरुवातीला एक डंबेल छातीशी धरून स्क्वॉट करावा. टाचा जमिनीला टेकलेल्या ठेवून मांडी जमिनीला समांतर होईपर्यंत खाली जाता येऊ लागले, की रिकामा बार घ्यावा. आठवड्यातून दोनदा, मधे किमान एक दिवस सोडून, ५ रेप्सचे ३ सेट (फेऱ्या) करावेत आणि सर्व रेप्स नीट झाल्या तरच पुढच्या वेळी दोन्ही बाजूंना मिळून २.५ किलो वाढवावे. ८० किलोची सवय असलेल्या माणसाला हा वेग संथ वाटेल, पण आपले स्नायू तयार आहेत, शिकायचा आहे तो केवळ तोल. रॅकचे आडवे सुरक्षा दांडे आपल्या सर्वांत खालच्या स्थितीच्या किंचित खाली लावल्याशिवाय जड सेट घेऊ नये. मऊ तळव्याचे धावण्याचे बूटही टाळावेत, कारण भाराखाली ते दबतात आणि पाऊल डगमगते. मशीन सोडून देण्याची गरज नाही. मोकळ्या बारचे सेट झाल्यावर, दमलेल्या अवस्थेत तोलाची चिंता न करता मांड्यांना आणखी काम देण्यासाठी तिथे १० ते १२ रेप्सचे २ सेट घेता येतील.

प्रश्न : माझे वडील ६४ वर्षांचे आहेत. तरुणपणी ते तालमीत रोज शेकडो बैठका मारत. आता त्यांना पुन्हा पायांचा व्यायाम सुरू करायचा आहे. त्यांच्यासाठी मशीन बरे का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : रक्तदाब किंवा गुडघेदुखीचा त्रास असल्यास आधी डॉक्टरांची परवानगी घ्यावी. तालमीतल्या बैठकीत टाचा उचलल्या जातात आणि संख्या मोठी असते. तिने दमसास वाढतो, पण ती जड वजनाची तयारी नव्हे, त्यामुळे जुन्या सवयीच्या भरवशावर त्यांनी लगेच बार घेऊ नये. घरातल्या भक्कम खुर्चीवर हात न टेकता बसणे आणि उठणे, ८ ते १० वेळा, ही त्यांची पहिली पायरी असावी. ते सोपे जाऊ लागल्यावर स्मिथ मशीन त्यांच्यासाठी खरोखर उपयोगी आहे, कारण खालचे अडथळे हव्या त्या उंचीवर लावून बार तिथेच थांबवता येतो. श्वास मात्र त्यांनी रोखून धरू नये. खाली जाताना तो घ्यावा आणि वर येताना सोडावा.