ओपन फील्डच्या व्हिडिओवरून उंदराचा मार्ग आणि हीटमॅप फुकटात कसा काढायचा?

तुमची अडचण अशी दिसते: नागपुरात एम.फार्म.चं काम चालू आहे, ओपन फील्ड चाचणीसाठी (मोकळ्या डब्यात उंदीर सोडून तो कुठे, किती फिरतो ते पाहणं) ५० × ५० सेंमीच्या डब्यात स्विस अल्बिनो उंदरांचे पाच-पाच मिनिटांचे व्हिडिओ मोबाईलवर काढायचे आहेत (काही काढूनही झालेत), एथोव्हिजन किंवा एनी-मेझ ही विकतची ट्रॅकिंग सॉफ्टवेअर घेण्याइतका पैसा विभागाकडे नाही आणि गाईडना प्रबंधात मार्गाची आकृती आणि हीटमॅप (कुठे किती वेळ गेला ते रंगांत दाखवणारं चित्र) हवा आहे.

होईल. ईझीट्रॅक हे ट्रॅकिंग सॉफ्टवेअर घ्या. ते फुकट आहे, पायथॉनच्या ज्युपिटर नोटबुकमध्ये चालतं आणि त्याला ग्राफिक्स कार्ड लागत नाही, साधा लॅपटॉप पुरतो. डीपलॅबकट हे दुसरं सॉफ्टवेअर २०१८पासून गाजतंय, पण नाक, कान, शेपटीचं मूळ असे वेगवेगळे बिंदू हवे असतील तरच त्याच्या वाटेला जा. त्यात आधी शे-दोनशे फ्रेमवर हाताने खुणा कराव्या लागतात आणि ग्राफिक्स कार्ड नसेल तर मॉडेल शिकवण्यात दिवस जातात. उंदीर कुठे आहे एवढंच हवं असेल तर तो खटाटोप कशाला?

सॉफ्टवेअरपेक्षा व्हिडिओची जास्त काळजी करा. ओपन फील्डमध्ये जागा नवखी असणं हाच चाचणीचा गाभा आहे. तोच उंदीर पुन्हा सोडला तर डबा त्याच्या ओळखीचा झालेला असतो. म्हणजे चित्रीकरण बिघडलं की तो प्राणी त्या चाचणीपुरता गेला.

पांढऱ्या उंदराला काळा तळ हवा, आणि तोही मॅट. चकचकीत अ‍ॅक्रिलिकमध्ये उंदराचं प्रतिबिंब पडतं आणि सॉफ्टवेअरला दोन उंदीर दिसतात. लकडगंजातल्या प्लायवूडवाल्याकडे मॅट फिनिशचा काळा सनमायका मागा, काम भागतं. दोन उंदरांच्या मध्ये ७० टक्के अल्कोहोलने पुसल्यावर तळ पूर्ण सुकू द्या. ओला फराटा आणि लघवीचा थेंब दोन्ही चमकतात आणि ट्रॅकिंग तिकडे धावतं.

मोबाईल डब्याच्या बरोबर मध्यावर, दीड ते दोन मीटर उंचीवर बांधा. मुख्य लेन्स वापरा. अल्ट्रावाईडने कडा वाकतात आणि कोपऱ्यातले सेंटिमीटर खोटे येतात. प्रो मोडमध्ये फोकस, एक्स्पोजर आणि व्हाईट बॅलन्स लॉक करा, नाहीतर उंदीर सोडणारा हात चौकटीत आला की सगळ्या चित्राचा उजेड बदलतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून साधी ट्यूबलाईट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. शटर १/६० असेल तर चित्रात पट्टे सरकताना दिसतात. ते १/५० किंवा १/१०० ठेवा, आणि जमलं तर सेकंदाला २५ फ्रेम.

आता नागपूरची खास भानगड: कूलर. त्याच्या वाऱ्याने पडदा हलतो, पडद्याची सावली डब्यात हलते आणि सॉफ्टवेअर तिलाही उंदीर समजतं. शिवाय त्या घरघरीने उंदराचं वागणंही बदलू शकतं. मे महिन्यात कूलर बंद ठेवून दुपारी चाचणी घेणं ना तुम्हाला झेपेल ना उंदरांना, तेव्हा एसीची खोली मागून घ्या किंवा सकाळी लवकर उरका. मात्र कंट्रोल (औषध न दिलेला) गट सकाळी आणि औषधाचा गट दुपारी असं करू नका. रोज प्रत्येक गटातले थोडे-थोडे प्राणी घ्या.

झालेल्या व्हिडिओंचं पहिलं काम म्हणजे फ्रेमरेट स्थिर करणं. बरेच मोबाईल बदलता फ्रेमरेट वापरतात. तसाच व्हिडिओ दिला तर फ्रेम मोजून काढलेली वेळ आणि खरी वेळ जुळत नाही. हँडब्रेक या व्हिडिओ बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कॉन्स्टंट फ्रेमरेट, २५ असं निवडून नवी फाईल बनवा. हात चौकटीबाहेर गेल्यानंतरच्या फ्रेमपासून मोजून ७,५०० फ्रेम ठेवा, सगळ्या प्राण्यांच्या तितक्याच.

ईझीट्रॅकमध्ये डबा क्रॉप करा आणि संदर्भचित्र (उंदराशिवायच्या डब्याचं चित्र, ज्याच्याशी प्रत्येक फ्रेम ताडली जाते) ठरवा. हे चित्र त्याच व्हिडिओतल्या फ्रेमवरून बनतं, त्यामुळे उंदीर निम्म्याहून जास्त वेळ एकाच कोपऱ्यात बसला तर तोच पार्श्वभूमीचा भाग होतो आणि मग ट्रॅकिंग भुतासारखं तिथे अडकतं. उपाय सोपा आहे: रोज रिकाम्या डब्याचा अर्धा मिनिट व्हिडिओ काढून ठेवा आणि संदर्भासाठी ती फाईल द्या. पद्धत ‘लाईट’ निवडा, कारण उंदीर तळापेक्षा उजळ आहे. मोजपट्टी देताना डब्याच्या तळाची कड धरा. भिंतीची वरची कड कॅमेऱ्याच्या जवळ असते, ती धरली तर सगळी अंतरं कमी येतात.

खरी गोम पुढे आहे. उंदीर स्वस्थ बसला तरी त्याचा मध्यबिंदू फ्रेमगणिक थोडा थरथरतो. ही थरथर २ मिमी धरा. सेकंदाला २५ फ्रेम, ३०० सेकंद, म्हणजे १५ मीटर अंतर उंदीर न हलताच जमा! गुंगी आणणाऱ्या औषधाच्या गटात उंदीर जास्त वेळ बसून असतात, म्हणून ही खोटी भर तिथे जास्त पडते आणि औषधाचा खरा परिणाम झाकला जातो. आकृतीत ती कोपऱ्यातल्या काळ्या गिचमिडीसारखी दिसते. यासाठी एक्स आणि वाय दोन्हींवर ५ फ्रेमचं मीडियन फिल्टर लावा (प्रत्येक आकड्याजागी लगतच्या ५ आकड्यांतला मधला घ्यायचा) आणि अंतरासाठी सेकंदाला ५ बिंदूच ठेवा. बिंदू कमी केल्यानेच ते १५ मीटर ३ वर येतात, फिल्टरने आणखी घटतात. फिल्टरच्या आधी एका फ्रेममध्ये १० सेंमीची उडी दिसली तर तो बिंदू काढा, कारण तो वेग सेकंदाला अडीच मीटर होतो आणि डब्यातल्या उंदराचा तो नव्हे. गाळलेली जागा अर्ध्या सेकंदापर्यंतची असेल तर सरळ रेषेने जोडा, मोठी असेल तर व्हिडिओ उघडून बघा.

हे सगळं उंदीर सोडण्याआधी तपासता येतं. पांढऱ्या थर्माकोलचा तुकडा डब्यात पाच मिनिटं नुसता ठेवा, अंतर शून्याच्या जवळ यायला हवं. मग तो दोऱ्याने ओढत ४० सेंमीचा चौकोन एकदा फिरवा, उत्तर १६० सेंमीच्या आसपास हवं. नाही आलं तर दोष मोजपट्टीत किंवा फिल्टरमध्ये आहे.

मार्गाची आकृती सीएसव्ही फाईलमधल्या एक्स-वायवरून एक्सेलमध्येही निघते. फक्त चित्रात शून्य वरच्या डाव्या कोपऱ्यात असतं, म्हणून वाय अक्ष उलटा करा, नाहीतर मार्ग उभा उलटा छापला जाईल आणि बाणाने दाखवलेला कोपरा भलताच निघेल. दोन्ही अक्षांचं प्रमाण सारखं ठेवा, चौकोनी डबा आयताकृती दिसला की परीक्षक तिथेच थांबतात.

हीटमॅपसाठी २ सेंमीचे चौकोन करा, ते ६२५ होतात. प्रत्येकात किती फ्रेम पडल्या ते मोजून (इथे सेकंदाला ५ बिंदू नव्हे, सगळ्या २५ फ्रेम घ्या) २५ने भागा, म्हणजे सेकंद मिळाले. सरासरी एका चौकोनाला अर्ध्या सेकंदाहून किंचित कमी येते, पण एखादा उंदीर एकाच कोपऱ्यात ४० सेकंद बसला की तो कोपरा लाल आणि बाकी सगळं निळं. म्हणून रंगपट्टीची वरची मर्यादा ठरवा, समजा ३ सेकंद, आणि ती आकृतीखाली लिहा. सगळ्या उंदरांना, सगळ्या गटांना तीच पट्टी. सॉफ्टवेअर प्रत्येक चित्राची पट्टी आपोआप वेगळी लावत असेल, तर शेजारी-शेजारी ठेवलेले ते हीटमॅप तुलनेला निरुपयोगी आहेत. इंद्रधनुषी रंगांचा मोहही टाळा, त्यात नसलेल्या सीमा दिसतात. व्हिरिडिस ही एकसारखी चढत जाणारी रंगपट्टी वापरा.

प्रातिनिधिक म्हणून सर्वांत देखणं चित्र उचलण्याची पद्धत सर्रास आहे आणि ती चूक आहे. गटाच्या सरासरीला ज्याचं अंतर आणि मध्यभागातला वेळ सर्वांत जवळ, तो उंदीर दाखवा.

मध्यभाग २५ × २५ सेंमी घेतला तर तो क्षेत्राच्या पाव हिस्सा होतो. सीमेवर घुटमळणाऱ्या उंदराच्या प्रवेशांची संख्या फुगते, म्हणून अर्ध्या सेकंदापेक्षा कमी काळाचा प्रवेश धरू नका. काही व्हिडिओ, दहातला एक तरी, गट माहीत नसलेल्या मित्राकडून स्टॉपवॉचने मोजून घ्या आणि आकडे ताडून पाहा.

एलिव्हेटेड प्लस मेझला (उंचावरच्या अधिक-चिन्हाच्या आकाराच्या मार्गावरची चाचणी) हेच सगळं लागू आहे. फक्त चारही पाय आत आले की प्रवेश, असं हाताने मोजणारे धरतात आणि मध्यबिंदू त्याआधीच सीमा ओलांडतो, तेव्हा कोणता निकष घेतला ते पद्धतीत लिहा. मॉरिस वॉटर मेझ (उंदराला पाण्याच्या टाकीत पोहायला सोडण्याची चाचणी) करणार असाल तर पाण्यात दूध पावडर टाकू नका, पांढऱ्या पाण्यात पांढरा उंदीर ट्रॅक होत नाही. बिनविषारी काळा रंग घ्या. आणि गच्चीवरच्या टाकीतलं मे महिन्याचं पाणी थेट भरू नका, २२ ते २६ अंशांवर आणायला बर्फ लागेलच.