स्वतंत्र चल कोणाच्या तंत्राने चालतो?

प्रश्न: इंदूरमधल्या घरभाड्यांचं रिग्रेशन करते आहे, म्हणजे कशावरून भाडं किती ठरतं याचं समीकरण मांडते आहे. क्षेत्रफळ, खोल्या आणि दलाली हे तीन 'स्वतंत्र चल' घेतले. क्षेत्रफळ नि खोल्या एकमेकांशी जोडलेले निघाले. मग ते स्वतंत्र कसे? एक काढून टाकू का?

उत्तर: या कारणासाठी तर मुळीच काढू नका. 'स्वतंत्र म्हणजे एकमेकांशी संबंध नसलेले' हे ऐकून कान किटले. संभाव्यतेच्या तासाला दोन घटना स्वतंत्र म्हणतात, तो अर्थ निराळा. तो उचलून इथे चिकटवायचा नाही.

१५ ऑगस्टचा अर्थही बाजूला ठेवा. आपण घरीदारी म्हणतो, 'तो बायकोच्या तंत्राने चालतो.' जो स्वतःच्या तंत्राने चालतो तो स्वतंत्र. (आपल्याकडचे हिंदीवाले 'चर' म्हणतात, म्हणोत, दोन्ही धातू चालण्याचेच.) तंत्र हा शब्द मुळात मागावरचा. तन् म्हणजे ताणणे. तंतू, ताणा ही त्याच घरची मंडळी. पाणिनीचं सूत्र आहे 'स्वतन्त्रः कर्ता' (१.४.५४). त्यावर पतंजली महाभाष्यात, म्हणजे पाणिनीच्या व्याकरणावरच्या आपल्या टीकेत, शंका काढतो: ज्याचा स्वतःचा माग तो स्वतंत्र म्हणावं, तर कर्ता ही संज्ञा विणकराला जाऊन चिकटेल! महेश्वरचे विणकर खूश झाले असते. लगेच तोच खुलासा करतो, की इथे तंत्र म्हणजे माग नव्हे, प्राधान्य.

माझ्या मते पतंजलीने माग फार लवकर गुंडाळला. समीकरणात नेमका तोच विचारायचा असतो: या चलाचं सूत आलं कुठून? दलाल एका महिन्याचं भाडं घेत असेल, तर दलाली हे भाड्याच्याच मागावरचं कापड. ती समीकरणात उजवीकडे, स्वतंत्र चलांत घातलीत की मॉडेल जवळजवळ अचूक जुळेल आणि काहीही सांगणार नाही. स्वतंत्रपणा पाहायचा तो उत्तराशी, म्हणजे इथे भाड्याशी: चल त्यातूनच विणलेला नाही ना? शेजारच्या चलाशी नाही.

काही विद्वान यावर 'स्पष्टीकरणात्मक चल' असा तोडगा काढतात. म्हणजे रिग्रेशनने कारण सांगायच्या आतच नावाने सांगून टाकलं! सहसंबंधाला कार्यकारणभाव समजायची खोड आधीच काय कमी आहे? यापेक्षा नुसतं 'क्ष' बरं.

हां, तुमच्या खोल्या. एकच क्षेत्रफळ चौरस फुटांत नि चौरस मीटरमध्ये असं दोनदा घातलंत, तर एक दुसऱ्याच्या १०.७६४ पट असल्यामुळे सॉफ्टवेअर एकाला हाकलतं, आणि ते रास्तच आहे. खोल्या नि क्षेत्रफळ मात्र दोन्ही ठेवा. अंदाजांची प्रमाण त्रुटी, म्हणजे त्यांतली अनिश्चितता, वाढेल, ते सोसा. खोल्यांचा सहगुणक (एका खोलीमागे भाडं किती बदलतं तो आकडा) उणे आला तरी दचकू नका: तेवढ्याच क्षेत्रफळात एक खोली वाढली, की बाकीच्या आखडतात, आणि कपाट ठेवलं की दार उघडत नाही अशा खोलीला भाडं कमीच मिळतं.