उरलेली 58 वर्षं आधी मोजा

तुम्ही दोन घरं पाहिलीत. एक फ्रीहोल्ड, म्हणजे जमिनीसकट कायमच्या मालकीचं, जुनं बैठं घर. दुसरा लीजहोल्ड, म्हणजे ठरावीक वर्षांच्या भाडेपट्ट्यावरचा फ्लॅट, थोडा स्वस्त, पण भाडेपट्ट्याची 58 वर्षंच शिल्लक. तुमचं वय 38, कर्ज 20 वर्षांचं, आणि साठीला घर विकून लहान जागेत जायचा बेत. ‘फ्लॅटमध्ये देखभालीची कटकट नाही, तोच घेऊ का?’ असं तुम्ही विचारलंय.

कटकट नाही, हे अर्धंच खरं. छत, जिना, बाहेरच्या भिंती यांची दुरुस्ती सहसा जमीनमालक किंवा त्याने नेमलेली संस्था करते. बिल मात्र पट्टेदारांत वाटलं जातं. कंत्राटदार कोण, काम कधी, यात तुमचा शब्द फारसा चालत नाही. माझ्याकडे येणाऱ्या एका जोडप्याला ताबा मिळाल्यावर आठच महिन्यांत गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा हिस्सा भरायची नोटीस आली. राखीव निधीत किती पैसे आहेत, हे खरेदीआधी त्यांनी विचारलंच नव्हतं. शिवाय करारानुसार भुईभाडं, आतली भिंत पाडायला परवानगी, भाडेकरू ठेवायला परवानगी, विकताना हस्तांतरण शुल्क.

फ्रीहोल्डमध्ये छत गळलं तर गवंडी तुम्हीच शोधायचा, पैसेही तुम्हीच द्यायचे. विमा, कुंपण, सांडपाण्याची लाइन, सगळं तुमच्याकडे. पण निर्णयही तुमचाच.

मला खरी काळजी वाटते ती तुमच्या साठीची. तुम्ही 60 च्या व्हाल तेव्हा पट्ट्याची 36 वर्षं उरतील. कर्ज फिटल्यानंतरही पट्ट्याची बरीच वर्षं शिल्लक हवीत, अशी बँकांची सहसा अट असते. म्हणजे तुमच्या गिऱ्हाइकाला कर्ज मिळणं अवघड, आणि रोखीने घेणारा भाव पाडूनच मागणार. सिंगापूरमधले सरकारी फ्लॅट 99 वर्षांच्या पट्ट्यावर असतात. मुदत संपली की ते भरपाईविना सरकारी गृहनिर्माण मंडळाकडे परत जातात. आपण घर नाही, वर्षं विकत घेतोय, हे तिथे उघड दिसतं.

म्हणून माझा कौल बैठ्या घराला, पण एका अटीवर. सगळी शिल्लक डाउन पेमेंटमध्ये घालायचं तुम्ही लिहिलंय, ते करू नका. आधी इंजिनिअरकडून छत, वायरिंग आणि ड्रेनेज तपासून घ्या आणि तो सांगेल तेवढी रक्कम बाजूला ठेवा. तेवढी उरत नसेल तर वर्षभर थांबा.

मन फ्लॅटवरच बसलं असेल, तर टोकन देण्याआधी पट्टा वाढवून मिळेल का आणि कितीला, हे जमीनमालकाकडून लेखी घ्या. ती रक्कम फ्लॅटच्या किमतीत मिळवून मग दोन्ही घरांचे आकडे शेजारी मांडा.