गोताखोर? आणि तोही मराठीत?

प्रश्न : समुद्राखालच्या सुरुवातीच्या चित्रपटांवर एक अनुवादित लेख वाचला. त्यात जॉन अर्नेस्ट विल्यमसन आणि झाक-ईव्ह कुस्तो या दोघांनाही 'गोताखोर चित्रपटकार' म्हटलं आहे. हा शब्द मराठीत चालेल का?

उत्तर : चालू नये, पण सर्रास चालतोय. धरणात कुणी बुडालं की बातमीत 'गोताखोरांना पाचारण' ठरलेलंच. 'पाणबुड्या' कुठे वाहून गेला कोण जाणे!

फारसीत बुडी 'खातात'. गोता खाणारा तो गोताखोर. हिंदीत तो शोभतो. मराठीत मात्र 'खोर' लागला की माणसाची अब्रू गेलीच: लाचखोर, भांडखोर, चुगलखोर.

गंमत पुढेच आहे. हा गोता आपल्याकडे आधीच मुक्कामाला आहे, 'गोत्यात येणे' या प्रयोगात! काही विद्वान त्याचा संबंध 'गोत'शी, म्हणजे नातेवाइकांशी जोडतात. भाऊबंदांच्या कचाट्यात सापडणं म्हणजे गोत्यात येणं, असं सांगतात आणि वर 'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' ऐकवतात. म्हण झकास, व्याकरण कच्चं. 'गोत'चं 'गोतात' होईल. 'गोत्यात' व्हायला मूळ शब्द आकारान्तच हवा. घोडा-घोड्यात, वाडा-वाड्यात, गोता-गोत्यात. शाळकरी पोराला कळेल ते यांना कळू नये?

मग बुडीचं संकट कसं झालं? माझा तर्क असा की मराठीला पाण्याखाली जाणं मुळात पसंतच नाही. पैसे बुडतात, कर्ज बुडीत खाती जातं, धंदा गटांगळ्या खातो. देशावरच्या भाषेला हौसेनं पाण्याखाली जाणारा माणूस ठाऊकच नसावा. (कोकणातले वाचक चिडतील. चिडोत.) एकटा पाणबुड्या काय तो या बदनामीतून सुटला. त्यातलं 'बुडणे' प्राकृतातल्या 'बुड्ड'शी सरळ जुळतं. हिंदीनं अक्षरांची अदलाबदल करून 'डूबना' केलं.

हां, विल्यमसन. त्यांनी १९१४ मध्ये बहामात समुद्राखाली चित्रीकरण केलं, तेही अंग न भिजवता. वडिलांनी शोधलेली, लोखंडी कड्यांची लवचीक नळी तराफ्यातून खाली सोडलेली, तिच्या टोकाला काचेची खिडकी असलेला पोलादी गोळा आणि आत कॅमेऱ्यासह माणूस. नळी वर उघडी, त्यामुळे हवा नेहमीचीच. ज्यूल व्हर्नच्या कादंबरीवरच्या १९१६ च्या चित्रपटातली समुद्राखालची दृश्यंही त्यांच्याच या युक्तीनं टिपलेली. शार्कशी सुऱ्यानं झुंजायला ते एकदा स्वतः पाण्यात उतरले, तेवढ्यापुरते पाणबुडे म्हणा. त्या गोळ्याला मात्र 'पाणबुडी' म्हणू नका. पाणबुडी स्वतः चालते, हा नुसता लोंबकळत होता.

कुस्तोंची गोष्ट वेगळी. त्यांनी आणि एमिल गान्यां यांनी १९४३ मध्ये श्वासाचं यंत्र तयार केलं, पाठीवर हवेच्या टाक्या आल्या आणि कॅमेरा हातात घेऊन माशांमध्ये हिंडता येऊ लागलं. त्यांना बिनदिक्कत पाणबुडे म्हणा. विल्यमसनना नुसतं 'चित्रपटकार' पुरे.