मॅग्नमची निवड: आकडे, खांदा आणि कायदा

मागच्या वेळी .३०-०६ वर लिहिलं आणि त्यानंतरची बहुतेक पत्रं मॅग्नम, म्हणजे जास्त ताकदीच्या काडतुसांबद्दलच आली. (नावातला .३७५ सारखा आकडा म्हणजे साधारणपणे गोळीचा किंवा नळीचा व्यास, इंचांत.) त्यातली काही इथे घेतली आहेत. शिकारीची उदाहरणं आफ्रिकेतली आहेत, कारण तिथे काही देशांत रीतसर परवाना काढून शिकार करता येते. आपल्याकडचं काय, तेही एकाने विचारलंच आहे.

माझा भाचा नामिबियात नोकरीला आहे. यंदा कुडू (मोठं आफ्रिकन हरण) आणि पुढच्या वर्षी केप बफेलो (आफ्रिकन रानरेडा), असा त्याचा बेत आहे. .३७५ हॉलंड, .४१६ रिगबी की .४५८ विंचेस्टर, यावर आमच्या घरच्या ग्रुपवर रोज जुंपते. एकदाचा निकाल द्या.
– एक वाचक, डोंबिवली

एकच रायफल घ्यायची असेल तर .३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम. काडतूस १९१२ सालचं आहे म्हणून नाक मुरडू नका. ३०० ग्रेनची, म्हणजे साडेएकोणीस ग्रॅमची गोळी सेकंदाला साधारण ७७० मीटर वेगाने सुटते. नळीच्या तोंडाशी ऊर्जा भरते ५,८०० जूलच्या आसपास. नामिबियात बफेलोसाठी कायद्याने किमान ५,४०० जूल लागतात आणि कुडूसाठी २,७००, म्हणजे दोन्ही कामं एकाच रायफलीत झाली. कुडूसाठी २७० ग्रेनची गोळी घेतली की दोनशे मीटरवरही फारसा हिशेब करावा लागत नाही.

त्याहून मोठा गुण पुंगळीच्या, म्हणजे दारू भरलेल्या पितळी नळकांड्याच्या आकारात आहे. ती लांब आणि निमुळती असल्यामुळे मॅगझिनमधून चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या, काडतूस बसतं त्या जागेत) अलगद सरकते आणि रायफल तापलेली असली तरी रिकामी पुंगळी अडत नाही. जखमी बफेलो चाळीस पावलांवर वळून उभा राहतो तेव्हा कागदावरचे जूल कोणी मोजत नाही, दुसरी गोळी आत गेली की नाही एवढंच पाहतात.

.४१६ रिगबी १९११ चं. ४०० ग्रेनची गोळी, वेग ७३० मीटरच्या जवळपास, ऊर्जा सुमारे ६,९०० जूल. त्याची घागरीसारखी थोराड पुंगळी पाहून लोक हसतात, पण ती उगाच तेवढी नाही. त्या काळची कॉर्डाइट दारू उष्णतेने चेकाळायची. लंडनच्या थंडीत गुमान चालणारं काडतूस नागपूरच्या मे महिन्यात इतका दाब निर्माण करायचं की पुंगळी चेंबरलाच चिकटून बसायची. रिगबीने पुंगळी मोठी केली आणि दाब कमी ठेवला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस आलेलं .४१६ रेमिंग्टन तेवढंच काम लहान पुंगळीत, पण बऱ्याच जास्त दाबाने करतं. वर्षाआड बफेलोच्या मागे जाणाऱ्याने या दोघांपैकी एक जरूर घ्यावं.

.४५८ विंचेस्टर मॅग्नमची गोष्ट थोडी करुण आहे. महागड्या इंग्रजी दुनळीचं काम साध्या बोल्ट रायफलीत (हाताने बोल्ट ओढून भरायच्या) बसवायचं, या हिशेबाने १९५६ मध्ये ते आलं. ५०० ग्रेनची गोळी तर दिली, पण पुंगळी आखूड, त्यामुळे दारू दाबून भरावी लागली. सुरुवातीच्या काही मालात ती दारू गोळा होऊन बसायची आणि वेग छापलेल्या आकड्याच्या कितीतरी खाली यायचा. जॅक लॉट नावाच्या अमेरिकन शिकाऱ्याला मोझांबिकमध्ये बफेलोने तुडवलं. पुढे त्याने पुंगळी लांबवून .४५८ लॉट तयार केलं. लॉटच्या चेंबरमध्ये विंचेस्टरचं काडतूसही चालतं, ही त्याची जमेची बाजू. आजचं .४५८ विंचेस्टर पूर्वीसारखं दगा देत नाही, पण ते जवळच्या मुकाबल्याचं हत्यार आहे. कुडूसाठी ते कुणी नेत नाही.

शेवटी भाच्याला एवढं सांगा की बफेलोचं काळीज आपल्याला वाटतं त्यापेक्षा खाली असतं. जनावर आडवं उभं असेल तर पुढच्या पायाच्या रेषेत, छातीच्या खालच्या एक-तृतीयांश भागात नेम धरायचा. वर लागलं तर .४६० वेदरबीचे दहा हजार जूलसुद्धा संध्याकाळ वाचवत नाहीत.

मी इंजिनिअर आहे, म्हणून आकड्यांत बोलतो. .३०० विंचेस्टर मॅग्नम ४,७०० जूल देतं आणि गोळी .३७५ पेक्षा वेगवान. फरक हजार जूलचा. मग मोठ्या जनावरांसाठी .३०० का चालू नये? आणि जिम कॉर्बेट तर .२७५ वापरत होता!
– एक वाचक, विलेपार्ले

ऊर्जेच्या सूत्रात वेगाचा वर्ग येतो, त्यामुळे हलकी वेगवान गोळी कागदावर नेहमीच मोठी दिसते. जाड कातडं आणि खांद्याचं हाड पार करून आत जायला मात्र वजन लागतं, आणि ते वजन व्यासाच्या मानाने किती, हेही महत्त्वाचं. .३०० ची १८० ग्रेनची गोळी साडेअकरा ग्रॅम भरते, .३७५ ची जवळजवळ वीस. व्यासाच्या वर्गाशी वजनाचं जे गुणोत्तर काढतात ते पहिल्यात ०.२७१ आणि दुसऱ्यात ०.३०५. .४५८ च्या ५०० ग्रेनमध्ये ते ०.३४१ पर्यंत जातं. त्यातून .३०० ची बहुतेक गोळी मऊ टोकाची, हरणासाठी बनवलेली. तेवढ्या वेगाने बफेलोच्या हाडावर आदळली की ती वरच्यावर फुटते. १९६३ पासून .३०० ने नाव कमावलं ते एल्क, कुडू अशा जनावरांवर आणि लांबच्या पल्ल्यावर. तिथे ते उत्तमच आहे.

कॉर्बेटचं म्हणाल तर वाघ दोनशे किलोच्या आसपासचं, पातळ कातडीचं जनावर आहे. शिवाय .२७५ बरोबर त्याच्याकडे .४५०/४०० ची दुनळीही होती, हे सगळे विसरतात. बेल नावाच्या शिकाऱ्याने याच .२७५ ने हत्ती मारले हेही खरं, पण लांब, भरीव गोळीने आणि थेट मेंदूत. त्याला हत्तीच्या कवटीची रचना तोंडपाठ होती. ज्याची तेवढी तयारी नाही त्याने बेलचा दाखला देऊ नये.

काडतुसाच्या बुडाशी जो पट्टा असतो त्याने ते जास्त मजबूत होतं ना?
– एक वाचक, ठाणे

नाही. .३७५ च्या पुंगळीला खांदा, म्हणजे तोंडाकडची उतरण, इतका नावापुरता आहे की चेंबरमध्ये ती किती आत जाऊन थांबावी, हे ठरवायला पट्टा लागला. पुढे तो जाहिरातीचा भाग झाला आणि ज्यांना गरज नव्हती त्या काडतुसांनाही चिकटवला गेला. .४१६ रिगबीला पट्टा नाही आणि त्याचं काही अडलेलं नाही.

महाराष्ट्रात अशी रायफल घेऊन रानडुक्कर किंवा सांबर मारायचा परवाना कुठे मिळतो?
– एक वाचक, कल्याण

सांबराचा मिळत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौसेची शिकार संपली. माणसाच्या जिवावर उठलेल्या जनावराबद्दल निर्णय मुख्य वन्यजीव रक्षक घेतात. पिकांची नासधूस करणाऱ्या डुकरांबाबत वनखात्याकडे अर्ज करायचा असतो, आणि त्यालाही अटी असतात. पत्रातला सूर पाहून स्पष्टच सांगतो: सांबराच्या मागे गेलात तर काडतूस कुठलं, हा प्रश्न कोर्टात विचारला जाईल.

मी वरळीच्या रेंजवर .२२ मारते. वजन ५४ किलो. दक्षिण आफ्रिकेतल्या मावसबहिणीकडे जाणार आहे, तिच्या नवऱ्याकडे .३७५ आहे. धक्का मला झेपेल का?
– एक वाचक, बोरिवली

झेपेल. धक्का वजनदार माणसाला कमी बसतो, हा समज तुम्ही आधी काढून टाका. उलट भारी देह मागे कमी सरकतो, म्हणून सगळा मार खांद्यावर येतो. अंदाज यावा म्हणून सांगतो, नेहमीच्या वजनाच्या रायफलीत .३०-०६ पेक्षा .३७५ चा धक्का साधारण दुप्पट आणि .४५८ चा तिप्पट.

तुमची अडचण वेगळी असेल. .२२ वाले दस्ता अगदी हलका टेकवतात आणि डोळा साइटला लावून बसतात. .३७५ वर हे केलंत तर दुर्बिणीची कड भुवईवर चंद्रकोर उमटवेल, तीही कायमची. दस्ता खांद्याच्या खोबणीत घट्ट ओढून घ्या. गाल दस्त्यावर दाबा. दुर्बीण डोळ्यापासून किमान चार बोटं लांब हवी. पहिली गोळी उभ्यानेच मारा, टेबलावर टेकून नको, कारण उभं असताना शरीर मागे झुलतं आणि धक्का पसरतो. बहिणीच्या नवऱ्याच्या मापाचा दस्ता तुम्हाला लांब पडणार. तो आखूड करता येत नसेल तर सरळ नकार द्या. दिवसाला चार-पाच गोळ्या पुरे. मधे एखादं डमी काडतूस तुम्हाला न सांगता भरायला त्याला सांगून ठेवा. चाप ओढताना नळी खाली गेली की समजा, दचकायची सवय लागते आहे. मग .२२ वर परत या.

गिरगावातलं आमचं जुनं घर रिकामं करताना आजोबांची दुनळी रायफल आणि एक डबाभर काडतुसं सापडली. नळीवर .४७० लिहिलंय. असा विचित्र आकडा का? आणि आता काय करू?
– एक वाचक, गिरगाव

आकड्यामागे आपल्याच देशाचा इतिहास आहे. ब्रिटिश सैन्याच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफली .४५० च्या होत्या. त्या बंडखोरांच्या हाती लागल्या होत्या आणि त्यांना चालणारी काडतुसं बाहेरून येऊ नयेत म्हणून सरकारने १९०७ च्या सुमारास हिंदुस्थानात आणि सुदानमध्ये .४५० बोअरवर बंदी घातली. शिकाऱ्यांचं लाडकं .४५० नायट्रो एक्स्प्रेस त्यात सापडलं. मग बंदूकवाल्यांनी आकडा थोडा इकडेतिकडे सरकवून कायद्याला बगल दिली. हॉलंडने .४६५ काढलं. आधीपासून असलेल्या .४७० चं तर नशीबच उघडलं. ५०० ग्रेनची गोळी, वेग ६५५ मीटरच्या आसपास. आजही आफ्रिकेतल्या दुनळ्यांत सर्वांत जास्त खप याचाच.

आता कामाचं. आजोबा गेले तेव्हाच त्यांचा परवाना संपला. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे असं हत्यार विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागतं. आधी वकिलाशी बोला, ठाण्याला फोन करून कळवा आणि ते सांगतील तसं न्या. टॅक्सीच्या डिकीत टाकून परस्पर निघू नका. वारस म्हणून परवाना हवा असेल तर मुंबईत पोलीस आयुक्तालयात अर्ज करता येतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात, हे घरातल्या इतरांनाही सांगा. आजोबांचा जुना परवाना, पावत्या, जे सापडेल ते जपून ठेवा.

डब्यातली काडतुसं त्या रायफलीत घालून बघायचा मोह कुणालाही होऊ देऊ नका. समुद्राजवळच्या घरात इतकी वर्षं पडलेली कॉर्डाइट, हिरवट गंज चढलेली पितळ आणि त्या काळचे प्राइमर, यातलं काहीच भरवशाचं नाही. रायफलही उघडून, नळ्या रिकाम्या असल्याची खात्री परवानाधारक माणसाकडूनच करून घ्या. काडतुसं मोजून त्यांची संख्या पावतीवर वेगळी लिहून घ्या. नंतर वाद होतो तो रायफलीवरून नाही, काडतुसांच्या संख्येवरून.