उत्तर: भाच्याचा सायनोव्हियल सार्कोमा अन् नवीन औषधाची ट्रायल. आधी ब्लॉक ताब्यात घ्या

वाशिमकडच्या भाऊंनी काल रात्री लिहिलेलं आत्ता वाचलं. भाचा २३ वर्षांचा, मांडीतली गाठ तालुक्याच्या गावी चरबीची आहे म्हणून काढून टाकली, रिपोर्ट आला सायनोव्हियल सार्कोमा, म्हणजे मऊ मांसातला एक कॅन्सर, मग नागपूरले मोठं ऑपरेशन, शेक (रेडिएशन), अन् आता सीटीत फुफ्फुसात ठिपके. किमो झाली तरी ठिपके वाढून राहिले. त्यांचं विचारणं असं की अमेरिकेत पेशींची काहीतरी नवी ट्रीटमेंट निघाली म्हणतात, तशी ट्रायल इकडं कुठं आहे का अन् त्यात नंबर कसा लागतो.

भाऊ, वाचता वाचता हातपाय गार पडले माझे. नाव बदललं की माझ्या लहान भावाचीच फाईल आहे ही. तोही मांडीतच, तीही "चरबीची गाठ", बोरापासून लिंबाएवढी होईपर्यंत दुखली नाही म्हणून कपाशी वेचून होऊ दे मग पाहू असं करत दोन महिने गेले. असो. सार्कोमा म्हणजे काय, किमो कोणती, ते तुम्हाले डॉक्टरांनी सांगितलंच असेल, ते मी उगाळत नाही. मी डॉक्टर नाही, बारावी सायन्स दोनदा दिलेला शेतकरी माणूस आहे, त्यामुळं खालचं सगळं एका घरचा अनुभव म्हणून वाचा अन् औषधाबद्दलचं शेवटचं तुमच्या ऑन्कोलॉजिस्टलेच विचारा.

मले एकच सांगायचं आहे. ट्रायल शोधायच्या आधी पहिल्या ऑपरेशनचा ब्लॉक कुठं आहे ते शोधा. आजच. रिपोर्ट नाही, स्लाईड नाही, ब्लॉक.

ब्लॉक म्हणजे काय ते मलेही ठाऊक नव्हतं, म्हणून तर मार खाल्ला. काढलेल्या गाठीचे तुकडे लॅबमध्ये मेणात बसवून ठेवतात. काड्यापेटीहून लहान, जाळीदार प्लास्टिकच्या चौकटीवर पांढरं मेण, त्यात नखाएवढा करड्या रंगाचा तुकडा अन् कडेला पेन्सिलनं नंबर. त्याच्या एकदम पातळ चकत्या कापून काचेवर लावल्या, गुलाबी-जांभळा रंग दिला की ती स्लाईड. रंगवलेली स्लाईड पाहून निदान होते, पण ट्रायलवाल्यांना पुढच्या वेगळ्या टेस्ट करायच्या असतात, त्याले ब्लॉक लागतो नाहीतर त्याच्यातूनच नव्यानं कापलेल्या कोऱ्या, बिनरंगाच्या स्लाईडी.

आमचं काय झालं ऐका. २०१९ चा एप्रिल. मुंबईहून स्टडी कोऑर्डिनेटर मॅडमचा फोन आला की एका ट्रायलमध्ये तुमचा पेशंट बसू शकतो, स्क्रीनिंगले, म्हणजे पेशंट बसतो का ते तपासायले या, येताना "टिश्यू" आणा. मी शेतात होतो, मोटर चालू, अर्धं ऐकू आलं अर्धं नाही, मी हो हो म्हटलं. लॅबवर जाऊन म्हटलं टिश्यू द्या, त्यांनी पाच स्लाईडींची प्लास्टिकची डबी दिली, मी खुश. बडनेऱ्याहून विदर्भ एक्सप्रेसनं भावाले घेऊन मुंबईले, डबी शर्टाच्या आतल्या खिशात, रात्रभर छातीवर हात ठेवून. सकाळी मॅडमनं डबी उघडली, एक स्लाईड उजेडाकडं धरली अन् म्हणाल्या, "ह्या स्टेन केलेल्या, रंगवलेल्या आहेत हो, ब्लॉक कुठाय?"

तिथंच फोन केला असता अन् ब्लॉक कुरिअर करा म्हटलं असतं तर जमलं असतं असं तुम्हाले वाटेल. मलेही तसंच वाटलं. लॅबचं उत्तर आलं की ब्लॉक नातेवाईकाच्या हातात अर्ज घेऊनच मिळतो, अन् जुने ब्लॉक इथं नसतातच, ते रेकॉर्ड सेक्शनकडं. म्हणजे साडेसहाशे किलोमीटर परत.

आता हे ऑफिस. नाव घेणार नाही, गाव सांगणार नाही, सरकारी का खासगी तेही सांगत नाही, कारण तिथं आजही आमच्या गावची माणसं जातात. पहिल्या दिवशी, अर्ज साध्या कागदावर चालत नाही. दुसऱ्या दिवशी स्टँपपेपरवर लिहून नेला तर पेशंट स्वतः पाहिजे. पेशंट आणला, ज्याले जिना चढता येत नव्हता त्याले दुसऱ्या मजल्यावर खुर्चीत बसवून नेला, तर पैसे भरल्याची मूळ पावती पाहिजे, झेरॉक्स नाही. पावती आईनं पेटीत ठेवली होती म्हणून सापडली. मग "साहेब लग्नाले गेले, सोमवारी या." सोमवारी साहेब आले तर चावीवाला नाही. मी हात जोडून म्हटलं भाऊ, तिकडं २८ दिवसांच्या आत सगळं पाहिजे, स्कॅन जुना झाला की पुन्हा पहिल्यापासून. तर तो बाबू मान वर न करता म्हणतो, "एवढी घाई होती तर पहिलेच न्यायचं ना, काहून ठेवलं इथं?" हे वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. काहून ठेवलं म्हणे! जसं काही आम्ही हौसेनं सामान ठेवून गेलो होतो.

अन् ब्लॉक होते कुठं, तर गच्चीवर टिनाच्या शेडमध्ये, खोक्यात भरलेले. एप्रिल-मे मधलं आपल्याकडचं टीन, हात लावून पाहा. मेणाचे ब्लॉक मऊ होऊन एकमेकाले चिकटलेले, कुणाचा नंबर दिसतो, कुणाचा पुसला. तिथल्या एका पोरीनं, नवीन टेक्निशियन होती, जेवणाची सुट्टी सोडून माझ्यासोबत खाली बसून एक एक ब्लॉक वेगळा केला अन् नंबर जुळवला. साहेबानं सही केली ती तिच्यामुळं. हातात ब्लॉक पडला तेव्हा पहिल्या फोनले ३७ दिवस झाले होते.

त्या पोरीनंच सांगितलं की उन्हात नेऊ नका, गाडीच्या डॅशबोर्डवर तर बिलकुल नाही, मेण वितळलं की तुकडा सरकते. म्हणून स्टीलच्या डब्यात ओला दुपट्टा, त्यात प्लास्टिकच्या पिशवीत ब्लॉक, अन् प्रत्येक स्टेशनवर दुपट्ट्यावर पाणी. डब्यातले लोक विचारत काय आहे म्हणून, मी म्हणे औषध.

मुंबईले पोचलो तर मॅडम स्वतः बाहेर येऊन बोलल्या. त्या गटातल्या जागा पाच दिवसांपूर्वी भरल्या होत्या. त्यांच्या हातात काही नव्हतं, त्यांना मी दोष देत नाही.

तुम्ही म्हणाल नागपूरच्या मोठ्या ऑपरेशनचा ब्लॉक काहून नाही वापरला. कारण त्यात कॅन्सरच नव्हता. पहिल्यानं सगळी गाठ काढून घेतली होती, दुसऱ्यांदा आजूबाजूचं मांस काढलं ते साफ निघालं. चांगलीच बातमी होती ती तेव्हा, पण गाठीचा म्हणावा असा तुकडा मग जगात त्या एकाच खोक्यात उरला. फुफ्फुसातल्या ठिपक्याची नवी बायोप्सी करायची तर जागा अशी की डॉक्टर नको म्हणाले. तुमच्या भाच्याचंही नागपूरचं रिपोर्ट काढून पाहा, "रेसिड्युअल ट्यूमर" (उरलेली गाठ) नाही असं लिहिलं असेल तर तुमचाही सगळा भार तालुक्याच्या त्या पहिल्या ब्लॉकवरच आहे.

अन् ज्या अमेरिकेच्या ट्रीटमेंटबद्दल विचारलं तिलेही हाच ब्लॉक लागतो. अफामी-सेल नाव तिचं, ऑगस्ट २०२४ मध्ये तिकडं मंजूर झाली, सायनोव्हियल सार्कोमासाठीच, आधी किमो झालेल्या मोठ्या माणसांना. पेशंटच्याच रक्तातल्या टी पेशी काढून, बदलून एकदाच परत देतात. पण ती सगळ्यांना चालत नाही. रक्तातला एचएलए, म्हणजे पेशींवरची ओळखखूण, ठराविक प्रकारचा पाहिजे अन् गाठीत मेज-ए४ नावाचं प्रथिन पाहिजे, ते गाठीच्या तुकड्यावरच तपासतात. ज्या ४४ जणांवर मंजुरी मिळाली त्यात १० मागं ४ जणांची गाठ बऱ्यापैकी आकसली. बाकीच्यांची तेवढी नाही. मंजूर झाली तेव्हाची यादीतली किंमत ७ लाख २७ हजार डॉलर, म्हणजे आपली सगळी शिवारं विकली तरी नाही. म्हणून स्वप्न पाहू नका असं म्हणत नाही, पण व्हॉट्सॲपवर जे "कॅन्सर मुळापासून बरा" फिरून राहिलं ते ही नाही.

भारतातल्या ट्रायली पाहायच्या तर सीटीआरआय म्हणून सरकारी नोंदणी आहे, २००९ पासून तिथं नोंद केल्याशिवाय ट्रायल सुरूच करता येत नाही. सार्कोमा टाकून शोधा. त्यात नुसती निरीक्षणं, भुलीच्या औषधाचे अभ्यास असं लय काही येते, घाबरू नका, खाली जाऊन कोणत्या दवाखान्यात आहे, भरती चालू का बंद, अन् कोण चालत नाही ती यादी वाचा. "भरती चालू" लिहिलेलं डोळे झाकून खरं धरू नका, फोन करा. नागपूरच्या डॉक्टरांकडूनच टाटाले रेफर करून घेतलेलं बरं, माझं मत. अन् ट्रायल पाहून राहिलो हे सध्याच्या डॉक्टरांना सांगा, नाहीतर घाबरून मध्येच एखादी किमो चढवली की पुढं काही आठवडे थांबवतात, कधी त्यामुळंच बाद होते.

संमतीचे कागद मराठीत मागा, तुमचा हक्क आहे तो, अन् सही केली की एक प्रत घरी आणा. आमच्या कागदावर "यादृच्छिकीकरण" लिहिलं होतं. माझा भाऊ म्हणे हे काय बाप्पा. म्हटलं चिठ्ठ्या टाकणं, कोणाले नवं औषध अन् कोणाले जुनं ते कॉम्प्युटर ठरवते. तो हसला, म्हणे मग ग्रामपंचायतीसारखंच की, चिठ्ठीनं निवडून यायचं. ट्रायलमुळं काही इजा झाली तर इलाज फुकट करावा लागतो, २०१९ च्या नियमांत आहे. मधूनच निघायचं म्हटलं तर निघता येते, कारणही सांगावं लागत नाही. अन् ट्रायलमध्ये घुसवून देतो म्हणून कोणी पैसे मागितले तर तिथूनच मागं फिरा.

जाता जाता, रेल्वेचा फॉर्म दवाखान्यातून भरून घ्या, कॅन्सर पेशंटले स्लीपर अन् थर्ड एसी फुकट अन् सोबतच्याले ७५ टक्के सूट. दादरले गाडगेबाबांची धर्मशाळा आहे, आपल्याच अमरावतीकडच्या बाबांची, आम्ही तिथंच राहिलो.

आता तुम्ही मनात विचारलेलंही सांगतो. माझा भाऊ गेला. २०२० च्या संक्रांतीनंतर. ट्रायल हुकल्यावर पॅझोपॅनिबच्या गोळ्या दिल्या, त्यावर सात महिने गाठी तशाच राहिल्या, त्यात त्यानं तूर सोंगली, पोरीचा वाढदिवस केला. त्या गोळ्याही कुणाच्या तरी ट्रायलमधूनच आल्या, २०१२ साली. त्यात गाठ वाढेपर्यंतचा मधला काळ ४.६ महिने होता अन् नुसत्या खोट्या, औषध नसलेल्या गोळीवाल्यांचा १.६. फरक बस एवढा, पण त्या ३ महिन्यांसाठी कुणीतरी चिठ्ठीत खोटी गोळी घेतली होती.

हुकलेली ट्रायल मिळाली असती तर वाचला असता का? मले माहीत नाही, अन् कोणी सांगत असेल तर त्याले विचारा कशावरून. ट्रायल हुकली त्याच वर्षी ओलाराटुमॅब नावाच्या सार्कोमाच्या औषधाचं वाचलं होतं मी. १३३ पेशंटांच्या फेज २, म्हणजे आधीच्या छोट्या ट्रायलमध्ये, ते औषध घेणारे २६.५ महिने जगले अन् न घेणारे १४.७, अमेरिकेनं २०१६ मध्ये मंजूर केलं, सगळे नाचले, मग ५०९ पेशंटांची मोठी फेज ३ झाली अन् २०१९ मध्ये निघालं २०.४ विरुद्ध १९.७. म्हणजे काहीच नाही. बाजारातून गेलं. आमच्या त्या औषधाचंही तसंच झालं असतं कदाचित. पण त्याले चिठ्ठी टाकायची होती, तो तयार होता, अन् ते त्या बाबूनं अन् माझ्या हो हो नं होऊ दिलं नाही. मी निम्मी चूक माझी धरतो. बायको म्हणते माझी जास्त.

तर भाऊ, उद्या सकाळी लॅब उघडते तेव्हा दारात उभे राहा. रिपोर्टच्या वरच्या कोपऱ्यातला नंबर लिहून न्या, भाच्याची सही असलेला अर्ज अन् ओळखपत्र सोबत ठेवा, पावतीही. ब्लॉक किती आहेत विचारा अन् दोन असले तर एक तिथंच राहू द्या. देताना ब्लॉकवरचा नंबर अन् रिपोर्टवरचा नंबर समोर जुळवून घ्या. मिळाला की इथं लिहा, नाही मिळाला तरी लिहा, अन् काय कारण सांगितलं तेही लिहा. या आठवड्यात आमच्याकडं ओलिताची लाईन रात्रीची आहे, मी दोन-अडीचपर्यंत जागाच असतो.